वांगणीचं पाणी जातं कुठे?

वांगणी म्हटलं की मुंबईकडच्या माणसाला बदलापूरच्या पुढचं रेल्वे स्टेशन आठवतं. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे वांगणी म्हटलं की वेगळंच आठवतं, आणि बोलणारा जरा गप्प होतो. वावर-वांगणी. साल १९९२-९३. जव्हार तालुक्यातल्या या भागात शंभराहून जास्त लेकरं कुपोषणाने गेली आणि एरवी नकाशात न सापडणारं हे नाव राज्यभर छापून आलं. मंत्री आले, अधिकारी आले, डॉक्टरांची पथकं आली, पत्रकार आले. धान्य आलं, औषधं आली, अंगणवाड्या वाढल्या. हे सगळं यायलाच हवं होतं, उशिराने का होईना आलं.

पण त्या वेळी एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. आजही आपण तो नीट विचारत नाही. दरवर्षी मार्च उजाडला, टँकरच्या बातम्या सुरू झाल्या की मला तो पुन्हा आठवतो, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा. आवडली नाही तर खाली सांगा, राग नाही.

प्रश्न असा. जिथे वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे फेब्रुवारीत विहीर आटते कशी? सोलापूरला आपल्या पाचव्या हिश्शाएवढा पाऊस पडतो. तिथे दुष्काळ म्हटला की कळतं. इथे चार महिने घराबाहेर पडता येत नाही एवढा पाऊस, आणि होळीनंतर बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन डोंगर उतरतात. हे पाणी जातं कुठे?

मागच्या मे महिन्यात एका पाड्यावर झऱ्याजवळ बसलो होतो. एक आजी वाटीने पाणी हंड्यात भरत होत्या. हंडा भरायला अर्धा तास. मी हाच प्रश्न त्यांना विचारला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पोरा, पानी वर थांबत नाय. पानी जातं खाली, आमी ऱ्हातो वर."

भूजलशास्त्राची जाडजूड पुस्तकं यापेक्षा फार वेगळं सांगत नाहीत. फक्त का आणि किती, ते सांगतात. आणि त्या "का" आणि "किती"वरच आपल्या भागाची गरिबी बरीचशी अवलंबून आहे, असं माझं मत होत चाललंय.

आधी दगडाबद्दल

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग एकाच खडकावर बसलाय. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर. जव्हारचं पठार, सूर्यमाळ, सगळं यातलंच.

वरून एकसारखा काळा दिसला तरी हा खडक आत एकसारखा नाही. विहीर खणणाऱ्या जुन्या माणसांना हे पक्कं माहीत असतं. वर माती, मग मुरूम, मग कधी मांजऱ्या, कधी घट्ट काळा कातळ, मध्येच तांबड्या गेरूसारखा पट्टा. मुरमात आणि भेगाळलेल्या मांजऱ्यात पाणी राहतं. घट्ट कातळाला भेग नसेल तर त्यात थेंब राहत नाही. वरून मुरलेलं पाणी कातळापर्यंत जातं, तिथे अडतं, आडवं वाहायला लागतं आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. तोच आपला झरा.

आता साधा हिशेब करू. देशात भूजलाचं मोजमाप ज्या सरकारी पद्धतीने होतं, तिच्यात झिजलेल्या बेसॉल्टची पाणी सोडण्याची क्षमता साधारण २ टक्के धरतात. म्हणजे शंभर घनमीटर खडक पाण्याने पूर्ण भरला, तर त्यातून वापरायला मिळणार दोन घनमीटर. समजा आपल्या पाड्याखाली असा पाणी धरणारा थर पाच मीटर जाड आहे. त्याचे दोन टक्के म्हणजे दहा सेंटिमीटर. शंभर मिलिमीटर. पाऊस किती? तीन हजार मिलिमीटर.

म्हणजे आपल्या पायाखालचं भांडं पावसाच्या तिसाव्या हिश्शाएवढं. ते जुलैतच भरतं. पुढचा सगळा पाऊस ओहोळाला, ओहोळातून पिंजाळ-वाघ-वैतरणेला, तिथून समुद्राला. आणि भरलेलं भांडंही उतारावर कललेलं. पाऊस थांबला की झऱ्यांवाटे रिकामं व्हायला लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत तळ दिसतो.

म्हणून "एवढा पाऊस पडतो तरी पाणी नाही, हे लोक आळशी, पाणी अडवत नाहीत" असं जे शहरातून येऊन बोलतात, त्यांना हा हिशेब दाखवा. आपल्याकडे पाऊस कमी नाही, भांडं लहान आहे. आणि ते भांडं नेमकं कुठे आहे, किती मोठं आहे, कुठून भरतं आणि कुठून गळतं, हे पाड्यापाड्याला वेगळं. ते शोधण्यालाच भूजल संशोधन म्हणतात. फार मोठा शब्द आहे, पण काम एवढंच.

हापशाची गोष्ट, जी आपलीच आहे

पूर्वी काय होतं? झरे होते, ओहोळाच्या वाळूत खणलेले डवरे होते, आणि जिथे कुणाची ऐपत होती तिथे विहीर. विहीर ज्याच्या जमिनीत, पाणी त्याचं. इंग्रजांच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचाच हक्क मानला. ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही, हे तेव्हापासून कागदावर आलं. आपल्याकडच्या कातकरी वस्त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, राज्य बदललं, पण पाड्यावरचं पाणी बरीच वर्षं तसंच राहिलं.

बदल झाला तो १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे. त्या दुष्काळाने महाराष्ट्राला दोन-तीन गोष्टी दिल्या. एक रोजगार हमी योजना. दुसरी म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जी १९७० च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला उभी राहिली. या यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांनी राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली, हजारो निरीक्षण विहिरी ठरवल्या आणि वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजायला सुरुवात केली. बिनबोभाट काम. फोटो निघत नाहीत, उद्घाटन होत नाही. पण पन्नास वर्षांच्या या नोंदी नसत्या तर आज आपण अंदाजपंचेच बोलत असतो.

तिसरी गोष्ट बोअर आणि हापसा. इथे एक अभिमानाची गोष्ट सांगतो, जी शाळेच्या पुस्तकात कधी वाचली नाही. काळ्या कातळात हाताने विहीर खणायला वर्षं लागायची. १९६० च्या दशकात जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याची ड्रिल मशीन आणली, आणि जिथे वर्ष लागायचं तिथे एक-दोन दिवसांत भोक पडायला लागलं. पण त्यावर बसवायचे ओतीव लोखंडाचे हातपंप परसदारी एका कुटुंबाने वापरायचे. अख्खं गाव लटकलं की महिन्यात मोडायचे. मग जालन्यात पोलादाचा, एकाच सांध्यावर फिरणाऱ्या दांड्याचा पंप बनला. सोलापूरच्या कार्यशाळेत तो आणखी सुधारला. युनिसेफच्या लोकांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात पाहणी केली, तेव्हा बसवलेले बहुतेक हातपंप बंद दिसले, पण सोलापूरचा पंप टिकलेला. त्याच्यावरूनच भारत सरकार, युनिसेफ आणि अभियंत्यांनी मिळून "इंडिया मार्क २" तयार केला. सुमारे ४५-५० मीटर खोलीवरून पाणी उचलणारा, हजारभर हात सोसणारा.

हाच तो आपला हापसा. पाड्याच्या तोंडाशी सिमेंटच्या ओट्यावर उभा असलेला. पुढे तो आफ्रिकेत गेला, आशियातल्या इतर देशांत गेला, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगात पन्नास लाखांच्या घरात पोचला. जगात सर्वांत जास्त वापरला गेलेला हातपंप जालना-सोलापूरच्या मातीतून निघाला. दुष्काळी भागात, गरीब माणसासाठी, गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल अशा विचाराने केलेलं संशोधन काय करू शकतं याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

हापशाने आपल्याकडेही जीव वाचवले, हे मान्य करायलाच हवं. उघड्या डबक्याचं पाणी आणि बंद बोअरचं पाणी यात पावसाळ्यात जुलाब-उलटीने दगावणारं लेकरू आणि वाचणारं लेकरू एवढा फरक असतो.

मग वांगणी का झाली?

इथे मला थांबून विचार करावा लागतो. वीस वर्षं हापसे बसत होते, आणि तरी १९९२-९३ आलं. कारणं अनेक. धान्य पोचलं नाही, दवाखाना दूर, रस्ते नाहीत, गोवर-न्यूमोनियासारखे आजार, कोवळ्या वयातली लग्नं, आणि या सगळ्याकडे वेळेवर न बघणारी व्यवस्था. पाणी हे एकमेव कारण होतं असं मी अजिबात म्हणत नाही.

पण या सगळ्या कारणांच्या खाली एक वेळापत्रक आहे, आणि ते पाण्याचं आहे. बघा. जूनमध्ये पेरणी. भात, नागली, वरई. दिवाळीच्या आसपास पीक घरात. घरात म्हणजे किती, तर बऱ्याच घरांत होळीपर्यंत पुरेल एवढंच. त्यानंतर दुसरं पीक घ्यायचं तर हरभऱ्याला, भाजीला दोन-चार पाणी द्यावी लागतात. नेमकं तेव्हा झरा बारीक होतो, विहीर तळ गाठते. शेतात काम नाही, पाणी नाही. मग काय? जगायला जायचं. भिवंडीच्या वीटभट्टीवर, वसईकडे, ठाण्याच्या बांधकामावर. आपल्याकडे स्थलांतर हा शब्द कुणी वापरत नाही, "जगायला गेले" म्हणतात. या दोन शब्दांत सगळं आलं.

आई-बाप भट्टीवर गेले की लेकरूही जातं. इथल्या अंगणवाडीच्या वहीत त्याचं नाव, तिथल्या वहीत नाही. वजन कुणी केलं नाही, लस चुकली, शाळा सुटली. पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात तेव्हा घरात धान्य नाही, आई थकलेली, आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्याने उघडे पाणवठे गढूळ. कुपोषणाच्या बातम्या नेमक्या पावसाळ्यात का येतात, हे या वेळापत्रकात बसवून बघा.

म्हणून मी म्हणतो, वांगणीची गोष्ट फक्त धान्याची नाही. झरा मार्चपर्यंत पुरला असता तर काही घरं गावात राहिली असती. सगळी नाही, पण काही. आणि एखाद्या पाड्यावर "काही घरं राहिली" याचा अर्थ काही लेकरं तराजूत राहिली.

हापसा का पुरला नाही?

कारण हापशाचं संशोधन "पाणी वर कसं काढायचं" याचं होतं. "खाली किती आहे" याचं नव्हतं. मोठ्या मैदानी भागात हे चालून गेलं. आपल्या डोंगरात चाललं नाही. माथ्यावरच्या पाड्यात बोअर मारली, तर ती मुरमाचा पातळ थर ओलांडून घट्ट कातळात जाते. भेग लागली तर नशीब. नाही लागली तर कोरडी, किंवा डिसेंबरपर्यंत चालणारी. आणि मला सर्वांत वाईट वाटतं ते असं, की कधी कधी झऱ्याच्या वरच्या अंगाला बोअर मारली जाते, ती नेमकी झऱ्याला पाणी देणारा थर फोडते, पाणी खालच्या भेगेत उतरतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेला झरा दोन वर्षांत बंद पडतो. बोअरही जाते, झराही जातो.

फक्त आपलंच असं आहे असं समजू नका. "गरिबांसाठी भूजलाची क्षमता" या विषयावर ब्रिटनमधल्या संशोधन संस्थांनी आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांसोबत २०१३ ते २०२० असा मोठा कार्यक्रम चालवला. त्यातल्या एका गटाने इथिओपिया, युगांडा आणि मलावीत जाऊन हातपंप अक्षरशः उघडून तपासले, की बसवलेले पंप बंद का पडतात. निष्कर्ष आपल्याला ओळखीचा वाटेल. एकच कारण नाही. कुठे जागाच चुकीची निवडली, कुठे खडकातच पाणी कमी, कुठे पाइप गंजले, कुठे दुरुस्तीला पैसे आणि माणूस नाही. त्याआधी २०१२ मध्ये आफ्रिकेच्या भूजलाचे नकाशे प्रसिद्ध झाले. खंडाखाली पाण्याचा साठा प्रचंड आहे हे त्यातून दिसलं. पण त्याच शास्त्रज्ञांनी बजावलं, की बऱ्याच भागांत खडक हापशापुरतंच पाणी देईल, मोठ्या सिंचनाच्या बोअरला नाही. म्हणजे साठा किती आहे यापेक्षा तो तुम्हाला किती वेगाने आणि कुठे मिळतो, हे गरिबाच्या दृष्टीने महत्त्वाचं.

हे सांगणारं काम आपल्या पुण्यातही झालंय. पुणे विद्यापीठाचे भूवैज्ञानिक डॉ. एस. बी. देवळाणकर यांनी १९८० मध्येच दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कोणता थर किती पाणी देतो याचा अभ्यास आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला होता. पुढे १९९८ मध्ये पुण्यात "अ‍ॅक्वाडॅम" ही संस्था सुरू झाली. डॉ. हिमांशु कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट सांगत आलेत. नुसता पाणलोट बघू नका, जमिनीखालचा जलधर बघा. वरचा उतार पूर्वेकडे असला तरी खालचा थर पाणी पश्चिमेला नेत असू शकतो. झरा एका पाड्यात आणि त्याला पाणी देणारा माथा शेजारच्या गावच्या हद्दीत, असं सर्रास असतं. मग आपण बांध झऱ्याच्या खाली घालतो, खर्च होतो, फोटो निघतो, आणि झऱ्याला थेंब मिळत नाही.

सिक्कीमने २००८ पासून हेच ओळखून काम केलं. झऱ्याला पाणी देणारी जागा भूवैज्ञानिकाकडून शोधायची, तिथेच रोजगार हमीतून चर खणायचे, आणि झऱ्याचं पाणी आधी आणि नंतर मोजायचं. तिथले अनेक आटत चाललेले झरे परत वाहते झाले. २०१८ मध्ये नीती आयोगाने झऱ्यांवर अहवाल काढला तो मात्र हिमालयापुरता. सह्याद्रीतला झरा अजून सरकारी भाषेत नीटसा आलेलाच नाही.

"सुरक्षित" तालुका

आता सर्वांत बोचणारी गोष्ट.

सरकार दरवर्षी तालुकावार भूजलाचं मूल्यांकन करतं. वर्षाला किती पाणी मुरतं आणि त्यातलं किती उपसलं जातं, याची टक्केवारी. उपसा ७० टक्क्यांच्या आत असेल तर तालुका "सुरक्षित". जव्हार आणि मोखाडा या यादीत सुरक्षित आहेत. जत, मोर्शी, वरुड धोक्यात, आणि आपण सुरक्षित!

हिशेब खोटा नाही. आपण उपसतच नाही तर टक्केवारी वाढणार कशी? वीज नाही, पंप नाही, पैसे नाहीत, आणि उपसायला फेब्रुवारीनंतर पाणीच नाही. गरिबी हिशेबात "सुरक्षितता" म्हणून दिसते. शिवाय त्या पद्धतीत २० टक्क्यांहून जास्त उताराचा डोंगराळ भाग पाणी मुरण्याच्या हिशेबातून वगळतात. म्हणजे आपले पाडे जिथे आहेत, आपले झरे जिथून भरतात, तीच जागा आकडेमोडीच्या बाहेर.

याचे परिणाम कागदावर राहत नाहीत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अटल भूजल योजना जाहीर झाली. गावाने स्वतः पाणी मोजायचं, स्वतः नियोजन करायचं, त्यासाठी पैसा आणि तज्ज्ञ मिळणार. चांगली योजना. महाराष्ट्रातले १३ जिल्हे त्यात आले. कोकणातला एकही नाही. कारण निवड अतिउपशाच्या भागांची होती, आणि आपण सुरक्षित. उपसून उपसून पाणी संपवलेल्यांना मदत मिळते. ज्यांना उपसायला कधी मिळालंच नाही, त्यांना टँकर.

ऊस-संत्रावाल्या शेतकऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याचं दुखणं खरंच आहे. पण दुखणं एकच प्रकारचं नसतं, आणि एकाच थर्मामीटरने सगळ्यांचा ताप मोजता येत नाही.

आणि हे सगळं कुणाच्या शेजारी चाललंय? मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. शंभर मीटरहून उंच. त्यातून मुंबईला रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मिळतं. वैतरणेवर अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, सगळी पाणी मुंबईला देणारी. धरण दरीत, पाडे माथ्यावर. मुंबईला पाणी उताराने मिळतं, आपल्याला चढाने आणावं लागतं. आजींचं वाक्य इथेही लागू पडतं.

मग आशा कुठे आहे?

आहे. आणि ती इथेच आहे. जव्हार-मोखाड्यात बायफ, प्रगती प्रतिष्ठान, आरोहन अशा संस्थांनी गेल्या काही दशकांत छोटी छोटी पण पक्की कामं करून दाखवलीत. आंबा-काजूची वाडी, छोटे बंधारे, सौर पंप, पाणी साठवायच्या सोयी. मोगऱ्याची लागवड आपल्या पट्ट्यात रुजली. मोगरा, भाजी, वाडीची रोपं यांना कालव्याचं पाणी लागत नाही. थोडं लागतं, पण वेळेवर लागतं.

किती थोडं, ते बघा. झऱ्याखाली दहा लिटरची बादली धरा. ती एका मिनिटात भरली, तर दिवसाला १४,४०० लिटर पाणी झालं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने २६० माणसांचं पाणी! बादलीला चार मिनिटं लागली तरी ३,६०० लिटर, म्हणजे ६५ माणसं, एक लहान पाडा. आजींच्या झऱ्यावर हंडा भरायला अर्धा तास लागत होता, कारण मे महिना होता आणि रात्रभर वाहून जाणारं पाणी धरायला तिथे काहीच नव्हतं. एक झाकलेली टाकी असती, तर सकाळी ते पाणी जमा मिळालं असतं, आणि गुरांच्या तोंडापासून, पहिल्या पावसाच्या गाळापासून सुरक्षितही राहिलं असतं.

बाईचे रोजचे तीन-चार तास वाचले तर काय होतं, हे कुठल्याही अर्थतज्ज्ञापेक्षा तिला जास्त कळतं.

दोन सावधगिरीच्या सूचना मात्र द्यायला हव्यात. पहिली, लहान भांड्याला मोठा पंप लावू नका. सौर पंप चांगला, पण झरा जेवढं देतो त्याहून जास्त ओढलं तर तोही कोरडा पडणार. दुसरी, पाणी वाढलं की पहिला हक्क कुणाचा, हे आधी ठरवा. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा तत्त्व ठेवलं की पाणी एकराप्रमाणे नाही, माणशी वाटायचं, आणि भूमिहीनालाही वाटा द्यायचा. पन्नास वर्षं झाली. आपल्या पाड्यावर ज्या कातकरी कुटुंबाला गुंठाभर जमीन नाही, त्याचा झऱ्यावरचा वाटा कोणत्या वहीत लिहिलाय?

आणि हेही खरं की नुसत्या पाण्याने गरिबी जात नाही. वनहक्काचा दावा मंजूर नसेल तर पाणी देणार कुठल्या जमिनीला? रस्ता नसेल तर मोगरा दादरला पोचणार कसा? पण पाणी नसेल तर बाकीच्या गोष्टी मिळूनही माणूस जगायला जाणारच, हेही तेवढंच खरं.

आता आपल्या हातातलं

येत्या १ मेच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. तुमच्या गावात तुम्हीही मांडा. आपला भाग पेसा क्षेत्रात येतो, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे.

गावातल्या प्रत्येक झऱ्याची नोंद करायची. नाव, जागा, बारमाही की हंगामी, किती घरं वापरतात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ घेऊन पाणी मोजायचं, आणि शाळेच्या फळ्यावर लिहायचं. दहावीतली पोरं हे करू शकतात, अकरावीतल्या पोरी आणखी नीट करतील. वर्षभराचे बारा आकडे हातात आले, की भूजल यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला बोलवायचं आणि विचारायचं, "या झऱ्याला पाणी कुठून येतं ते दाखवा. चर तिथेच मारू." रोजगार हमीचं काम तिथे लावायचं, खाली नाही.

आणि झऱ्याची नोंद पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक स्रोत म्हणून करून घ्यायची. १९९३ च्या कायद्यानेच अशा स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली. पण ज्या झऱ्याचं नावच कागदावर नाही, त्याला कायदा वाचवणार कसा?

१९९२ साली वांगणीत काय झालं ते मोजायला आपण उशीर केला. मेलेली लेकरं मोजली. त्याआधी वजन मोजलं असतं, धान्य मोजलं असतं, पाणी मोजलं असतं, तर कदाचित त्या गावाचं नाव राज्याला कळलंही नसतं, आणि तेच बरं झालं असतं.

तुमच्या पाड्यातल्या झऱ्याचं नाव आणि तो कधीपर्यंत टिकतो, एवढं खाली लिहा. यादी करायला सुरुवात इथूनच करू. जोहार.